टॉम आणि जेरी सुधारले, पण कुणासाठी?

शहापूरचा_माग
परवाची गोष्ट. आमचं पोरगं सहा वर्षाचं, शाळेला सुट्टी, बाहेर बेळगावचा पाऊस म्हणजे सांगायला नको. मोबाईलवर टॉम अँड जेरी लावून बसलेलं, नवीन वालं, २०१४ ला जी मालिका आली ती. शेजारी आमचे बाबा म्हणजे त्याचा अज्जा, वय ७४. त्यांनी मान वाकडी करून पाचेक मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हे दोघं भांडतच नाहीत की रे. नुसतं पळूलेत."

बाबांचं आणि टॉम-जेरीचं जुनं आहे. आमच्या गल्लीत केबल आली तेव्हा मी चौथीत. संध्याकाळी मी कार्टून लावलं की बाबा माग बंद करून यायचे, पाच मिनिटं म्हणून बसायचे आणि आई ओरडेपर्यंत उठायचे नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम, कन्नड बाजारापुरतं. टीव्हीवरचं बाकी सगळं त्यांना कुणीतरी सांगावं लागायचं, "तो काय म्हणाला रे?" हे चालूच. ह्या एका कार्यक्रमात मात्र ते मला सांगायचे, "बघ आता, इस्त्री पडतीय."

तर प्रश्न असा की ही जी दर चार वर्षांनी नवीन नवीन काढूलेत ती कुणासाठी? पोरांना जुनं चालत नाही म्हणून, की मोठ्यांना जुन्याची लाज वाटायला लागली म्हणून? आणि दुसरा प्रश्न साधा आहे. पोराला जुनं दाखवू की नको? बायको म्हणते नको, त्यात मारामारी आणि नको ते लई आहे.

निपाणीचा_पाहुणा
जुनंच दाखव. विषय संपला. धागा बंद करा.

खडेबाजारी
एवढ्यात बंद? अजून चहा पण ठेवला नाही.

फ्रेम_मोजणारा
मी मूळ टिळकवाडीचा, सध्या बंगळूरला अ‍ॅनिमेशनमध्येच पोट भरतो, त्यामुळं थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे "जुनं" असं एक काही नाहीच. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीनं एमजीएम ह्या हॉलीवूडच्या स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ मध्ये ११४ लघुपट केले, टॉम-जेरीला मिळालेले सातही ऑस्कर त्यातलेच. पहिल्यात तर मांजराचं नाव जॅस्पर होतं, टॉम नंतर झाला. मग १९६१-६२ ला जीन डाइच नावाच्या माणसानं प्रागमध्ये बसून १३ केले, त्यानंतर १९६३ ते ६७ मध्ये चक जोन्सनं ३४. आणि १९७५ ला टीव्हीसाठी जी मालिका आली तिच्यात दोघं चक्क दोस्त होते, जेरीच्या गळ्यात लाल बो, हातात हात घालून सहलीला. म्हणजे तुझ्या बाबांना जे आज खटकलं ते पन्नास वर्षांपूर्वीच सुरू झालेलं दुखणं आहे.

आता "नुसतं पळूलेत" हे बाबा लाखातलं बोलले. पळणं आणि पळण्याला वजन असणं यात फरक आहे. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, सात मिनिटांचं कार्टून म्हणजे दहा हजाराच्या वर फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी पाच हजार चित्रं झाली आणि पळापळीत तर फ्रेमगणिक चित्र. सगळं हातानं काढून, सेलवर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर रंगवून. टॉम वळणावर घसरतो तेव्हा आधी पाय सुटतात, मग अंग, मग शेपूट, हे त्यामुळं दिसतं. आता कॉम्प्युटरवर बाहुलीसारखे सुटे भाग जोडून ठेवतात आणि तेच फिरवतात. स्वस्त पडतं, लवकर होतं, पण पाय कधी सुटत नाहीत.

आणि गंमत म्हणजे ही काटकसर कुणी आणली? हॅना-बार्बेरांनीच. १९५७ ला एमजीएमनं कार्टूनचा विभाग बंद केला, हे दोघं टीव्हीकडे गेले, तिथं पैसा कमी. त्यांच्या योगी बेअर ह्या कार्टून अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो माहिताय? कॉलरखालचं अंग तसंच ठेवायचं, वरचं डोकं तेवढं हलवायचं, जोड दिसत नाही.

शहापूरचा_माग
@फ्रेम_मोजणारा कॉलरचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे हातमागाचं पॉवरलूम केलं की." काठ तसाच येतो म्हणे, पण पदर धरून बघितला की कळतं.

खडेबाजारी
पॉवरलूमवरच तुझी फी भरली गा. विसरू नको.

शहापूरचा_माग
ते पण खरंच.

अनगोळची_माई
इथं सगळे बाप्येच दिसूलेत म्हणून सांगते. तुमच्या बायकोचं बरोबर आहे. आमच्या धाकट्यानं दोन वर्षांमागं हेच "जुनं, क्लासिक" बघून मामेभावाच्या डोक्यात चपातीचा तवा घातला. तीन टाके. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय लागलं, तर हा म्हणतो "त्याचं डोकं तव्यासारखं चपटं व्हायला पाहिजे होतं, झालंच नाही." रडत होता तो त्याला लागलं म्हणून नाही, डोकं चपटं झालं नाही म्हणून. हसू नका. माझ्या भावजयीनं वर्षभर तोंड दाखवलं नाही.

मी बालवाडीत शिकवते, पोरं बघितलेलं करतातच. नव्यात मारामारी कमी केली असेल तर काय वाईट झालं? तुमची आठवण गोड म्हणून माझ्या पोराचं डोकं फोडू का?

निपाणीचा_पाहुणा
माई, तवा टॉमनं नव्हता ठेवला हाताशी.

अनगोळची_माई
तवा गॅसवर असतो, तिजोरीत नाही. तुम्ही एक दिवस दोन पोरं सांभाळून दाखवा मग बोला.

निपाणीचा_पाहुणा
चुकलो. माघार.

खानापूरचा_जांभा
मला २०२१ चा सिनेमा आठवला. माणसं खरी आणि जनावरं तेवढी कार्टून. न्यूयॉर्कच्या हॉटेलात लग्न, नवरी भारतीय घरातली, म्हणून मांडवात हत्ती आणलेले. म्हणजे भारतीय म्हटलं की हत्ती. बरं, आणलाच हत्ती तर बिचारा कार्टूनचा. आमच्या खानापूरकडे दांडेलीच्या बाजूनं हत्ती उतरतो ना, तेव्हा ऊस जातो, भात जातो आणि वरात असली तर नवरा पहिला पळतो.

थेटरात बघितला मी, कोरोनानंतर नुकतं उघडलेलं, आम्ही सात जण होतो. पोरगी शेवटपर्यंत विचारत होती की "पप्पा, टॉम-जेरी कधी येणार?" पडद्यावर होते की ते! पण माणसांचीच बडबड एवढी की तिला ते पाहुण्यासारखे वाटले.

कॅम्पातला_जुना_प्रेक्षक
माणसांची बडबड, हेच मूळ आहे. १९९२ च्या सिनेमात तर ह्या दोघांनाच बोलायला लावलं होतं, गाणी म्हणायला लावली. मी कॅसेट आणून बघितला आणि अर्ध्यात परत केला. जेरी "मित्रा" बित्रा म्हणायला लागला की संपलं.

जुन्यात बोलणं नव्हतं असं नाही हं, अधूनमधून असायचं. पण बोलायचं काम संगीत करायचं. स्कॉट ब्रॅडली म्हणून संगीतकार होता, उंदीर जिना उतरला की प्रत्येक पायरीला सूर. आणि टॉमची ती किंकाळी, शेपूट सापळ्यात सापडल्यावरची, ती खुद्द विल्यम हॅनाचीच. दिग्दर्शकच ओरडतो. ती किंकाळी कुठल्या भाषेत डब करणार सांगा.

खडेबाजारी
आमच्या घरमालकाची पण तशीच होती. भाडं सहा महिने थकवल्यावर.

फ्रेम_मोजणारा
@कॅम्पातला_जुना_प्रेक्षक एकदम सहमत. पण एक वाईट बातमी, मला डाइचचे प्रागवाले पण आवडतात. त्यातले आवाज विहिरीत भांडं पडल्यासारखे घुमतात, हालचाल तुटक, सगळंच जरा स्वप्नात ताप आल्यासारखं. त्याचं काम खराब नाही, वेगळं आहे. नवीन करणाऱ्यानं इतकं वेगळं केलं तर माझी तक्रार नाही. जुन्याची नक्कल करायची आणि जुन्याएवढे कष्ट घ्यायचे नाहीत, तिथं माझं वाजतं.

खानापूरचा_जांभा
तेच ना ते, जाडा मालक टॉमला लालबुंद होऊन बडवतो ते? ते लागलं की आम्ही भावंडं उठून जेवायला बसायचो. आई म्हणायची हे रोज लावा.

गोवावेसची_सून
मारामारीवर सगळे बोलले, "नको ते" काय ह्यावर कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलते.

त्या घरातली कामवाली आठवते? तोंड कधी नीट दिसायचं नाही, पाय, चपला, हातात झाडू, आणि "थॉमस!" म्हणून ओरडायची. लहानपणी मला ती घराची मालकीणच वाटायची. आमच्या वाड्यात एक काकू तशाच होत्या, दरारा जबरदस्त, मांजर पण त्यांना भ्यायचं. मला ती बाई आवडायची.

मोठेपणी समजलं की ती अमेरिकेतल्या काळ्या मोलकरणीची ठरलेल्या साच्यातली चेष्टा होती. बोलणं मुद्दाम तसं, अंग मुद्दाम तसं. स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं होऊन ओठ मोठे व्हायचे, तो विनोद पण त्याच पिशवीतला. साठच्या दशकात टीव्हीवर दाखवताना तिच्या जागी एक बारीक गोरी बाई काढून घातली. नव्वदच्या दशकात चित्र तेच ठेवून आवाज बदलला. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि आयट्यून्सनं सुरुवातीला सूचना टाकली की यात त्या काळचा वर्णद्वेष दिसतो.

मला सूचना पटते. बाई बदलणं पटत नाही. तो मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ नावाच्या काळ्या नटीचा होता. आवाज पुसला म्हणजे चेष्टा पुसली की त्या बाईचं काम पुसलं?

निपाणीचा_पाहुणा
पटतंय, पण ते अमेरिकेचं दुखणं. आपण उंदीर-मांजर बघत होतो, आपल्याला काय माहीत होतं. आपल्या पोरांना आता मुद्दाम सांगून डोक्यात कशाला घालायचं?

चव्हाटगल्ली_हुडुग
@निपाणीचा_पाहुणा एक विचारू? मी इंजिनिअरिंगला पुण्याला होतो. पहिल्या दिवशी वर्गात उठून म्हणालो, "सर, मी लिहून घेऊलोय." चार वर्षं माझं नाव "घेऊलोय" होतं. कोणी वाईट नव्हतं, सगळे जिगरी दोस्त, अजून फोन करतात, अजून तेच म्हणतात. नाटकात बेळगावचा माणूस आला की तो तसाच बोलतो आणि लोक आधीच हसायला तयार. त्या विनोदावर मी पण हसतो. पण माझी पोरगी शेजारी बसलेली असली की मी आधी तिच्याकडे बघतो, मग हसतो. त्या बाईच्या नातवंडांचं तसंच असेल की.

निपाणीचा_पाहुणा
...बरं. हे मनाला लागलं.

चव्हाटगल्ली_हुडुग
अजून एक राहिलं. आमचं घर कन्नड, गल्ली मराठी. लहानपणी टीव्ही शेजारच्या मराठी काकूंकडे होता. बातम्या लागल्या की कुठल्या भाषेतल्या यावरनं काका आणि आमचे अप्पा यांचं सुरू व्हायचं, मॅचची कॉमेंट्री लागली की पण सुरू. टॉम-जेरी लागलं की दोघं एकाच बाकड्यावर गप्प. शेंगा सोलत. मला मराठी त्या घरात आलं, पण त्या अर्ध्या तासात कुणीच कुठल्या भाषेत हसूलंय हे बघत नव्हतं. आता माझ्या पोरीला सगळं कन्नडमध्ये डब केलेलं मिळतं, चिंटू टीव्हीवर वगैरे, मला आनंदच आहे, आमच्या लहानपणी कन्नडमध्ये काय होतं पोरांना? पण ती बघते ते शेजारचं मराठी पोरगं बघत नाही, ते हिंदी लावतं. दोघांच्या हातात दोन मोबाईल, एकच कट्टा.

एक_वाचक_फक्त
आणि बेळगावचं बेळगावी झालं २०१४ ला, ते पण रीबूटच म्हणायचं का? गोष्ट तीच, पात्रं तीच, पाटी तेवढी नवी.

खडेबाजारी
आणि मारामारी मूळच्यापेक्षा जास्त.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं जागा भरपूर आहे. इथं उंदीर आणि मांजर एवढंच.

खडेबाजारी
साहेब, त्यातला उंदीर कोण तेवढं सांगा, आम्ही जातो.

व्यवस्थापक
खडेबाजारी, शेवटची समज.

अनगोळची_माई
विषय बदलते. परवा एका लग्नात पंगतीला चॉकलेट कुंदा वाढला. चॉकलेट! कुंदा! दूध आटवून आटवून तांबूस रंग येतो, त्यासाठी माणूस तासभर हात हलवत उभा असतो, आणि त्यात कोको घालून ठेवला. आता मला कळलं तुम्हाला सगळ्यांना काय होतंय ते.

फ्रेम_मोजणारा
माई, आलात तुम्ही आमच्या बाजूला.

अनगोळची_माई
आले नाही. कुंद्यानं कुणाचं डोकं फुटत नाही.

खानापूरचा_जांभा
चव कशी होती पण?

अनगोळची_माई
दोनदा घेतला. तो मुद्दा नाही.

कॅम्पातला_जुना_प्रेक्षक
मुद्दा तोच आहे माई! :)

बरं, धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न राहिलाच की. माझं मत असं, सगळे ११४ एकदम हातात देऊ नका. चार-पाच निवडा. १९४७ चा "कॅट कॉन्सर्टो", टॉम सूटबूट घालून पियानोवर लिस्ट ह्या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो आणि जेरी आत झोपलेला असतो, तो. ऑस्करवाला. त्यात कामवाली नाही, तोंड काळं करणं नाही, तवा पण नाही. पियानोचं झाकण आहे बोटांवर, तेवढं माईंनी सांभाळून घ्यावं.

अनगोळची_माई
आमच्याकडे पियानो नाही. चालेल.

शहापूरचा_माग
चार दिवस झाले, सांगायचं राहिलं. रविवारी दाखवला तो पियानोवाला. मोबाईलवर नाही, टीव्हीला जोडून. बायको पण बसली, म्हणाली आधी मी बघते. बाबा खुर्चीत, पोरगं खाली त्यांच्या पायाशी.

सुरुवातीला पोरगं चुळबुळ करूलं होतं. टॉम नुसता येतो, बसतो, बाह्या सारख्या करतो, सावकाश. नव्यात एवढ्यात तीन वेळा कोणीतरी आपटलं असतं. मग जेरी आतल्या हातोड्यांनी वरखाली उडायला लागला आणि ते जे हसायला लागलं ते थांबेना. बाबा त्याच्याआधी हसूलेत आणि मग ते, असं चाललेलं. बाबांना लिस्ट कोण काय माहीत, पण बोटांचा वेग बघून "अरे अरे अरे" करत होते, जसं कोणी मागावरचा धोटा जोरात मारल्यावर करतात.

संपल्यावर पोरगं म्हणालं, "अज्जा, ह्यात कोण बोललंच नाही."
बाबा म्हणाले, "नाही."
"मग तुला आधी कसं कळूलं होतं?"
बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे. मग बाबांनी त्याला म्हटलं, आणि एकदा लाव, सांगतो.

तीनदा लागला.

कामवालीवाले एपिसोड बायकोनं बाजूला ठेवलेत. म्हणाली थोडा मोठा होऊ दे, गोवावेसच्या वहिनींनी लिहिलंय तसं सांगून दाखवूया. त्यात माझं काही म्हणणं नाही.

गोवावेसची_सून
तुमच्या बायकोला सांगा, मला त्यांच्याशी ओळख करून घ्यायची आहे.

फ्रेम_मोजणारा
बाह्या सारख्या करतो ते लक्षात आलं तुझ्या, ह्यावर मी एक अख्खा धागा काढू शकतो.

खडेबाजारी
नको गा.

एक_वाचक_फक्त
मग आता नवीन बंद का घरात?

शहापूरचा_माग
बंद कुठलं. २०२३ ला सिंगापूरमध्ये घडणारी छोटी छोटी काढलीत ना, दोन-तीन मिनिटांची, ती कुणीतरी पोराला दाखवली. त्यात बोलणं नाही. आता पावणेदहा झालेत, पोरगं कधीच झोपलं. बाबा माडीवर मोबाईल घेऊन बसलेत, हसण्याचा आवाज येऊलाय.

निपाणीचा_पाहुणा
भांडूलेत का त्यात?

शहापूरचा_माग
विचारून आलो. म्हणाले, "बरं भांडतात. तू जा."

खानापूरचा_जांभा
माई, त्या चॉकलेट कुंद्याचा आचारी कोण म्हणालात? घरी बारसं आहे.